डासांचे सगळे उपाय करूनही गोठ्यातली चिलटं का जात नाहीत

गौरी-गणपती आटोपतात, भात पोटरीत येतं, पाऊस जरा उघडीप देतो, आणि आमच्या खाडीकाठच्या वाडीत दिवेलागणीला गोठ्यात उभं राहवत नाही. शेळ्या पाय आपटतात, कान झटकतात, गाय शेपटीनं स्वतःला झोडपत राहते. आपल्या घोट्यांना आणि कानाच्या पाळ्यांना आग होते, पण चापट मारावी तर हाताला काही लागत नाही. पंधरा-वीस दिवस असे जातात आणि गोठ्यात कुणीतरी आजारी पडतं. कधी शेळी गाभडते, कधी एखादीचं तोंड सुजतं, कधी गाय सकाळी उठतच नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सगळं आपोआप थांबतं, आणि थांबलं की विसरलं जातं. पुढच्या भाद्रपदात पुन्हा तेच.

मी मालवण तालुक्यात चौदा शेळ्या आणि दोन गायी सांभाळते. सलग चार वर्षं हा फेरा सोसल्यावर कुठं चुकतंय ते कळलं. आम्ही जे जे करत होतो ते डासांसाठी होतं. कॉइल, मच्छरदाणी, खड्ड्यात गप्पी मासे, पंचायतीची धुरळणी. त्रास देणारा कीटक डास नव्हताच.

आधी खात्री करा

चिलटांना शास्त्रीय नाव आहे क्युलिकॉइड्स. जगात त्यांच्या तेराशेहून जास्त जाती आहेत. अंगानं एक ते तीन मिलिमीटर, म्हणजे साधारण नाचणीच्या दाण्याएवढी. चावते ती फक्त मादी, कारण अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागतं. डासाची मादी सोंड सुईसारखी खुपसते, चिलटाची मादी मात्र बारीक दातेरी जबड्यानं कातडी कापून वर आलेलं रक्त पिते. म्हणून आग लगेच होते.

ओळखायची सोपी रीत अशी. संध्याकाळी गोठ्यातल्या दिव्याखाली पांढरी थाळी ठेवा, त्यात पाणी आणि कपडे धुण्याच्या साबणाचे चार थेंब टाका. सकाळी थाळीत जे पडलेलं असेल ते भिंगातून बघा. पंखांवर राखाडी-पांढरे ठिपके असतील आणि पंख पाठीवर कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक मिटलेले असतील तर ती चिलटं. मी ही थाळी पहिल्यांदा ठेवली ते ऑक्टोबरचे दिवस होते. सकाळी पाण्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखा थर होता, डास मोजून चार-पाच. सासूबाई तोपर्यंत म्हणत होत्या, "चिलटां चावान काय शेळी मरतली?" त्या दिवशी त्यांनीच थाळी उचलून शेजारणीला दाखवायला नेली.

किनाऱ्यावर येणारे पाहुणे यांनाच वाळूतल्या माश्या म्हणतात. वाळूमाशी हा वेगळा कीटक आहे. चांदीपुरा तापाचा विषाणू वाळूमाशीतून पसरतो, आणि तो विषाणू १९६५ मध्ये पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात. आमच्या जिल्ह्यात दोडामार्गकडे २०१६ पासून ठाऊक झालेला माकडताप गोचिडीतून येतो. हे तीन जीव लोक एकाच नावानं बोलतात आणि मग उपायही एकमेकांत मिसळतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

डासांचे उपाय का फसतात

मच्छरदाणीचं भोक साधारण दीड मिलिमीटरचं असतं. डास अडकतो, चिलट पंख मिटून आरपार जातं. आम्ही दोन हजार रुपये घालून गोठ्याच्या तिन्ही बाजूंना मच्छरदाणीचं कापड ठोकलं होतं. त्यानं एवढंच झालं की आत आलेल्या चिलटांना वारा लागेनासा झाला आणि ती जास्त निवांत चावू लागली.

गप्पी मासे कामाचे नाहीत, कारण चिलटाची अळी उघड्या पाण्यात तरंगत नाही. ती ओल्या, कुजक्या चिखलाच्या वरच्या दोन-चार बोटांच्या थरात राहते. जनावराचं मूत झिरपलेली माती, गायरीच्या, म्हणजे शेणखताच्या ढिगाच्या कडेचा काळा रेंदा, न्हाणीचं पाणी सोडलेली केळी-अळवाची आळी, भाताच्या कुणग्याचा (खाचराचा) ओला बांध, खाडीच्या भरतीनं भिजणारी खाजणाची माती, अशा जागा. गरम दिवसांत अंड्यापासून उडत्या चिलटापर्यंतचा प्रवास दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो.

धुरळणीनं त्या घटकेला हवेत असलेली मरतात. चिखलातल्या अळ्यांना ती पोचत नाही, आणि दुसऱ्या संध्याकाळी नवा लोंढा तयार असतो. शिवाय धुरळणीत वापरतात ती पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं मासे आणि कोळंबीला अगदी थोड्या मात्रेतही मारक आहेत. खाडीकाठी ती पाण्यात जाऊ देणं म्हणजे शेजारच्याच्या जाळ्यावर घाव घालणं.

चिलटांचं एक दुबळेपण मात्र आपल्या कामाचं आहे. उडण्यात ती फार अशक्त असतात. वारा सेकंदाला तीन मीटरच्या वर गेला, म्हणजे माडाच्या झावळ्या नीट हलू लागल्या, की ती उडायचं टाळतात. बाहेर पडतात ती सूर्यास्ताच्या आसपास आणि पहाटे, हवा पडलेली आणि दमट असताना. ऐन पावसाळ्यात झोडपणारा पाऊस आणि वारा त्यांना दाबून ठेवतो. भाद्रपद-आश्विनात वारा पडतो, माती ओली असते, ऊन तापतं. आपला फेरा नेमका तेव्हा का येतो, त्याचं उत्तर इथं आहे.

आजार नेमका कोणता

इथं आमची सगळ्यात महाग चूक झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची गाय तांबू सकाळी उठेना. अंग तापलेलं, दूध एकदम आटलेलं, तोंडातून लाळ. एक पाय आखडला म्हणून चोळावा तर दुपारी दुसराच आखडलेला. घरच्यांनी काळजीनं ओवा-गुळाचा काढा केला आणि बांबूच्या नळ्यानं तिला पाजला. तिला होता तिवा, तीन दिवसांचा ताप. हा विषाणू डास आणि चिलटं दोघांकडून येतो. बहुतेक गायी तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणहून उठतात. पण या आजारात गिळण्याचे स्नायू काही काळ नीट चालत नाहीत. नळ्यानं पाजलेला काढा घशाऐवजी श्वासनलिकेत उतरला. तांबू तिव्यानं मेली नाही, फुफ्फुसात काढा गेल्यानं सहाव्या दिवशी गेली. त्या दिवसांत आखडलेल्या, तापलेल्या गायीला तोंडानं काहीही जबरदस्तीनं पाजू नका. पाणी आणि चारा समोर ठेवा, सावलीत ठेवा, एकाच कुशीवर पडून राहू देऊ नका, कूस बदलत राहा, आणि डॉक्टरांना बोलवा. वेदना आणि सूज कमी करणारी सुई आणि गरज असेल तर कॅल्शियम तेच ठरवतील.

शेळ्यांचं कोडं वेगळं होतं. एका पावसाळ्याअखेर दोन शेळ्या गाभडल्या आणि एका पाटीचे, म्हणजे तरुण शेळीचे ओठ सुजले. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त घेऊन तपासणीला पाठवलं. बहुतेक शेळ्यांच्या रक्तात ब्लूटंगची, म्हणजे नीलजिव्हा रोगाची प्रतिपिंडं निघाली. मला वाटलं, उत्तर मिळालं. डॉक्टरांनी थांबवलं. प्रतिपिंडं म्हणजे हा विषाणू कधीतरी येऊन गेला एवढंच. सुजल्या ओठाच्या पाटीला प्रत्यक्षात मावा, म्हणजे ओठांवर खपल्या आणणारा रोग झाला होता, आणि गाभडण्यामागं आणखीही कारणं असू शकतात.

तरी ब्लूटंगचं सापडणं महत्त्वाचं होतं. भारतात हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला तो १९६४ मध्ये, महाराष्ट्रातल्याच शेळ्या-मेंढ्यांत. त्याचा खरा तडाखा मेंढ्यांना बसतो. शेळ्या बहुधा काहीच दाखवत नाहीत किंवा दोन दिवस मलूल होतात. गाय तर ठणठणीत दिसते, पण तिच्या रक्तात हा विषाणू दोन महिन्यांपर्यंत राहू शकतो. जनावरानं जनावराला शिवून हा रोग होत नाही. चिलट बाधित गायीचं रक्त पितं, गरम हवेत आठवडा-दहा दिवस विषाणू त्याच्या अंगात वाढतो, आणि मग ते चिलट ज्याला चावेल त्याला तो देतं. चावल्यानंतर लक्षणं दिसायला आणखी पाच ते दहा दिवस. ही बेरीज मांडून बघा. चिलटं वाढल्यावर पंधरा-वीस दिवसांनी आजार का येतो ते त्यातून दिसतं. आपण आजार आल्यावर फवारणी करतो तेव्हा ज्या चाव्यानं काम झालं तो चावा मागच्या पंधरवड्यातला असतो.

लक्षणांवरून घरच्या घरी निदान करू नका. पण डॉक्टरांना फोनवर नीट सांगता यावं म्हणून फरक माहीत असावा. ब्लूटंगमध्ये आधी ताप चढतो, १०५-१०६ फॅरनहाइटपर्यंत. मग ओठ, कान, चेहरा सुजतो, नाकातून पाणी, नंतर घट्ट शेंबूड येऊन खपली धरते. खुराच्या वरच्या कडेला लाल पट्टा दिसतो आणि जनावर गुडघे टेकून चरतं. जीभ निळी पडेलच असं नाही, क्वचित पडते. पीपीआरमध्ये, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगमध्ये, तोंडाच्या व्रणांबरोबर घाण वासाची हगवण आणि खोकला असतो, आणि चार-सहा दिवसांत तो गोठाभर फिरतो. लाळ्या-खुरकुतात तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात आणि गायीही लंगडतात. माव्यात ओठांवर फुलकोबीसारख्या खरबरीत खपल्या येतात, करडांना जास्त. मावा माणसाच्या हातालाही होतो, तेव्हा मोजे घालूनच हात लावा.

पीपीआरची लस सरकारी दवाखान्यात मिळते आणि तिचं संरक्षण साधारण तीन वर्षं टिकतं. ती टोचलेली असली की संशयाच्या यादीतलं एक मोठं नाव कमी होतं. ब्लूटंगचे वीसहून जास्त प्रकार आहेत. त्यातल्या पाच प्रकारांविरुद्धची मृत विषाणूची लस आपल्या देशात बनलेली आहे. तुमच्या भागात ती लागेल का, मिळेल का, हे मे महिन्यात विचारा, सप्टेंबरात विचारून उपयोग नाही. आणि लस असो की ताकदीची सुई, प्रत्येक जनावराला नवी सुई वापरायला सांगा. एकीचं रक्त दुसरीत नेणारी सुई चिलटाचंच काम करते.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. रक्ताचा नमुना ताप असतानाच, पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतला तर विषाणू सापडण्याची शक्यता असते. तो बर्फात न्यायचा, पण गोठवायचा नाही.

काय केल्यानं फरक पडला

सगळ्यात जास्त फरक पडला तो वेळ बदलल्यानं, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. आमच्या शेळ्या खाडीकडच्या मळ्यातून दिवेलागणीला परतायच्या, म्हणजे चिलटांच्या ऐन वेळी ओल्या बांधांवरून चालत यायच्या. आता गणपतीपासून दिवाळीपर्यंत साडेचारला हाक मारते, पाच-सव्वापाचला त्या आत असतात. सकाळी ऊन नीट वर आल्याशिवाय, म्हणजे आठ-साडेआठच्या आधी सोडत नाही. चरणं कमी पडतं, म्हणून दुपारी फणसाचा पाला आणि सुकं गवत टांगते. पहिल्या आठवड्यात शेळ्यांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं, मग सवय झाली.

त्यानंतर वारा. जुना स्टँडचा पंखा गोठ्याच्या पश्चिमेला ठेवला, शेळ्यांच्या पायांच्या आणि पोटाच्या उंचीवर. संध्याकाळी साडेपाच ते आठ आणि पहाटे पाच ते सात चालवते. आमच्याकडे वीज जाते, म्हणून घरातल्या इन्व्हर्टरवर त्याची जोडणी केली. थाळी पंख्याच्या वाऱ्यात आणि वाऱ्याबाहेर ठेवून बघितली. वाऱ्यातली थाळी जवळजवळ रिकामी होती.

गोठ्यातला पांढरा दिवा बंद केला. तोच त्यांना बोलावत होता. लागेल तेव्हा पिवळा दिवा लावते, आणि पांढरा दिवा गोठ्यापासून वीस-पंचवीस पावलं दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

मच्छरदाणी काढून पॉलिहाउसला लावतात ती चाळीस मेशची (इंचाला चाळीस भोकांची) बारीक जाळी आणली. ही मात्र सांभाळून वापरा. तिनं वारा अडतो, मुताचा उग्र दर्प कोंडतो, शेळ्यांचे डोळे झोंबतात. म्हणून ती गुंडाळून वर ठेवते आणि फक्त दिवेलागणीला दोन बाजूंना सोडते.

ओलीचं काम कष्टाचं आहे आणि ते मेमध्येच करावं लागतं. गोठ्याच्या मागं मूत साठून काळा चिखल व्हायचा. तो बोटभर खरवडून काढला, जांभ्याची खडी घातली, उतार काढून मूत पन्हळीनं एका झाकलेल्या बॅरलमध्ये घेतलं. तेच पाण्यात मिसळून माडांना घालते. पाणी पाजायच्या दोणीखाली चिरे रचले. न्हाणीचं पाणी एकाच केळीच्या आळ्यात सोडायचो, ते आता चार आळ्यांत आलटून-पालटून, म्हणजे प्रत्येक आळं मध्ये चार-पाच दिवस सुकतं. कापलेली केळीची खोडं बुंध्याशी कुजत टाकत नाही, चिरून उन्हात पसरते.

चिखल कुठला दोषी आहे हे कळायला एक साधी चाचणी आहे. संशयाच्या प्रत्येक जागेची वरची मूठभर माती वेगवेगळ्या बरणीत घ्या, ओली ठेवा, तोंडाला घट्ट विणीचं सुती कापड बांधा आणि सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत ज्या बरणीत चिलटं उडतील ती जागा आधी हाताळा. मी गायरीवर सगळा राग काढणार होते. बरणीत सगळ्यात जास्त निघाली ती दोणीखालच्या मातीतून.

या ओल काढण्याकडून फार मोठी अपेक्षा मात्र ठेवू नका. आजूबाजूला भाताचे कुणगे आणि खाजण असेल तर चिलटं तिथूनही येत राहतात. खाजण भरून काढा किंवा चिपी तोडा असा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. कांदळवन तोडणं गुन्हा आहे, आणि ते गेलं तर मासळीची वीण जाते.

अंगावर लावायच्या औषधांबद्दल: पाठीवर ओतायचं डेल्टामेथ्रिनसारखं औषध डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे मात्रेत, आणि दूध-मांसासाठी किती दिवस थांबायचं ते पाळून वापरलं. चावे कमी होतात, बंद होत नाहीत. पोट आणि पाय, जिथं चिलटं जास्त बसतात, तिथं औषध कमी पोचतं. करंजेल आणि खोबरेल मिसळून मी कानांना आणि कासेच्या वर चोळते. त्याचा गुण तास-दीड तासच दिसतो, पण दिवेलागणीचा तेवढाच वेळ अवघड असतो. नारळाच्या सोडणांची धुरी उघड्या खळ्यात ठीक आहे, बंद गोठ्यात नको. करडं खोकू लागतात.

माणसांचं काय

ब्लूटंग आणि तिवा माणसाला होत नाहीत. चिलटांमुळे माणसात ताप पसरतो तो ओरोपुश, आणि तो दक्षिण अमेरिकेकडचा. १९५५ मध्ये त्रिनिदादमध्ये तो पहिल्यांदा सापडला, आणि २०२४ मध्ये ब्राझील, क्युबा, पेरू, बोलिव्हिया अशा देशांत मोठ्या प्रमाणात पसरला, काही मृत्यूही झाले. तो पसरवणारी चिलटाची जात अमेरिका खंडातली आहे. ती कुजलेल्या केळीच्या खोडांत आणि कोकोच्या टरफलांत वाढते हे वाचलं तेव्हा मी आमच्या परसाकडे बघतच राहिले.

आपल्याकडे या दिवसांत ताप आला तर चिलटांना दोष देत घरी बसू नका. चिखलात, शेतात, गोठ्यात अनवाणी काम केलेलं असेल तर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची शक्यता आधी बघावी लागते, आणि डेंग्यू-मलेरिया आहेतच. ताप, पिंढऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं असेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि गोठ्यात काम करता हे डॉक्टरांना सांगा.

मुलं चावे खाजवून फोडतात आणि त्यात पू होतो. संध्याकाळी पायमोजे आणि लांब बाह्या, उघड्या कातडीवर डीटचं मलम, चावलेल्या जागी गार पाण्याची घडी, नखं कापलेली. आमच्या घरी एवढ्यावर भागतं.

अजून न सुटलेलं

घाटावरचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, कापणी झालेल्या शेतात बसवतात. खत मिळतं म्हणून आपण त्यांना बोलावतो. पण कार्तिकात खाडीकाठी चिलटं पुरती गेलेली नसतात. आमच्या शेळ्या-गायी काही न दाखवता विषाणू बाळगून असू शकतात, आणि मार बसायचा तो त्यांच्या मेंढ्यांना. गेल्या वर्षी आमच्या मळ्यात उतरलेल्या धनगरदादांना मी थाळी दाखवली आणि मेंढरं खाजणाच्या कडेला न बसवता वरच्या सड्याच्या (कातळपठाराच्या) अंगाला, वाऱ्यावर बसवायला सांगितलं. त्यांनी ऐकलं. खत सड्याकडच्या कुणग्यांना मिळालं, खालच्यांना नाही, म्हणून भावकीत दोन घरं नाराज आहेत. मेंढरं घाट उतरण्यापूर्वी त्यांना लस टोचून घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारलं आहे. कुणाच्या गावात असं जमवलं असेल तर कसं जमवलं ते मला हवं आहे, या वर्षीची मेंढरं यायला दोन महिने उरलेत.